लांब वाक्य म्हणजे कॉम्प्लेक्स? अजिबात नाही
साताऱ्याकडं पोरांना अजून सर्रास सांगतात की इंग्लिशमधलं आखूड वाक्य सिम्पल (केवल), 'अँड' दिसला की कम्पाउंड (संयुक्त) आणि लांबलचक असलं की कॉम्प्लेक्स (मिश्र). साफ चूक आहे हे! शब्द नाही, कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजायच्या. 'द ओल्ड बस फ्रॉम सातारा टु महाबळेश्वर स्टॉप्स अ‍ॅट मेढा अँड केळघर', एवढं लांब, त्यात 'अँड' पण, तरी सिम्पलच, कारण क्रियापद एकच, 'स्टॉप्स', आणि 'अँड'नं नुसती दोन गावं जोडलीत. उलट 'आय नो ही लाइड' चारच शब्द पण कॉम्प्लेक्स, 'ही लाइड' हा भाग 'नो'वर अवलंबून आहे, मधला 'दॅट' गाळलाय म्हणून पोरं फसतात. 'इट रेन्ड अँड वी लेफ्ट' मात्र कम्पाउंड, दोन्ही भाग स्वतंत्र उभे राहतात. पोरांचे मार्क उगाच जातात ओ, आधी क्रियापदांखाली रेघ मारायला शिकवा.