पहिलं पिस्तूल कुणाच्या हाताने निवडायचं? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ह्यूस्टन आणि आसपासच्या मराठी घरांतून आमच्या दुकानात येणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. काउंटरवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न साधारण असा असतो: "बायकोला पर्समध्ये ठेवायला काहीतरी छोटं, हलकं दाखवा. तिने कधी चालवलेलं नाही, तेव्हा साधंच द्या." विचारणारा बहुतेक वेळा नवरा असतो. वहिनी बरोबर असल्या तर दोन पावलं मागे उभ्या असतात, नाहीतर आलेल्याच नसतात. काळजी खरी असते. हॉस्पिटलमधून रात्री उशिरा एकटीने गाडीपर्यंत चालत जाणं किंवा गॅस स्टेशनचं दुकान एकटीने बंद करणं काय असतं, हे आम्हीही जाणतो. पण "छोटं, हलकं" या दोन शब्दांनी जे पिस्तूल घरी जातं, ते बहुधा एकदा चालवून कपाटात पडतं. काही महिन्यांनी ते विकायला आमच्याकडेच येतं, आणि तेव्हा नव्याची किंमत मिळत नाही.

नव्याने शिकणाऱ्या बाईसाठी छोटं आणि हलकं पिस्तूल हे सगळ्यात अवघड पिस्तूल असतं. मुख्य मुद्दा हाच, म्हणून तो नीट समजावतो.

गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येतं. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. ग्लॉक 19 हे मध्यम आकाराचं पिस्तूल रिकाम्या मॅगझिनसह (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीसह) साधारण 670 ग्रॅम भरतं. स्मिथ अँड वेसनचं 642 हे खिशात मावणारं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर जेमतेम 410 ग्रॅमचं आहे, आणि रुगरचं एलसीपी तर 270 ग्रॅमच्या आसपास. शोकेसमध्ये ही दोन्ही गोंडस दिसतात. रेंजवर मात्र पाचव्या गोळीनंतर तळहात झणझणतो आणि दहाव्या गोळीला चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतात. ती सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. आमच्या वर्गातला सगळ्यात जास्त वेळ याच कामात जातो, आणि तो वाचू शकतो.

"मग रिव्हॉल्व्हर द्या, त्यात काही बिघडत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. रिव्हॉल्व्हर समजायला सोपं आहे, हे खरं. पण 642 सारख्या रिव्हॉल्व्हरचा चाप साधारण साडेपाच किलो जोराने आणि लांबवर ओढावा लागतो. पाचशे ग्रॅमही वजन नसलेल्या वस्तूचा चाप साडेपाच किलो जोराने ओढताना नळी जागेवर ठेवायची, हे अनुभवी हाताचं काम आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं नेमबाजी करणारे लोक ते बाळगतात आणि त्यांच्यासाठी ते उत्तमच आहे. पहिलं शस्त्र म्हणून ते आम्ही सुचवत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 साली इंडोनेशियातल्या जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, ते आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने पाहिलं. या प्रकारात पॉइंट टू-टू (.22) हे बारीक काडतूस वापरतात, त्याचा धक्का नगण्य असतो. पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत जड चालतं आणि चापाला किमान 1 किलोचा जोर लागायला हवा, असा नियम आहे. म्हणजे जगातल्या अव्वल नेमबाज मुली जड पिस्तूल, सौम्य काडतूस आणि हलका चाप घेऊन उभ्या राहतात. आणि आपण कधीच न चालवलेल्या बाईच्या हातात हलकं पिस्तूल, दणकट काडतूस आणि जड चाप देतो. कॉलेजात एनसीसीची टू-टू रायफल चालवलेल्या ताई आमच्याकडे येतात. त्यांचा नेम आजही चांगला असतो, कारण त्यांची सुरुवात धक्क्याच्या भीतीने झालेली नसते.

दुसरी अडचण स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाची. "तिच्याकडून स्लाइड ओढलीच जात नाही, तिच्या हातात जोर नाही," हे वाक्य आम्ही फार ऐकतो. जोर पुरेसा असतो, पद्धत चुकलेली असते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून स्लाइड ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेला राहू द्या, दुसऱ्या हाताची चारही बोटं आणि तळवा स्लाइडवर पक्का बसवा. मग स्लाइड धरलेला हात जागेवर ठेवून पिस्तूल धरलेला हात जोरात पुढे ढकला. बहुतेक जणींना पाच मिनिटांत जमतं. तरीही काही पिस्तुलांची स्प्रिंग मुळातच कडक असते. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या घडणीच्या पॉइंट थ्री-एटी (.380) काडतुसाच्या पिस्तुलात स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंगच थोपवून धरते, त्यामुळे काडतूस लहान असूनही ती ओढायला जड जाते. म्हणून "काडतूस लहान म्हणजे पिस्तूल सोपं" हा हिशेब चुकतो. शिवाय थ्री-एटीची काडतुसं साधारणपणे नाइन एमएम या सर्रास वापरातल्या काडतुसांपेक्षा महाग पडतात, आणि सराव महाग झाला की तो बंद पडतो.

मग आम्ही काय दाखवतो? मनगटं किंवा बोटं दुखत असतील, संधिवात असेल, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. त्याची स्लाइड खरोखर हलकी आहे आणि मॅगझिन भरायलाही सोपं. या मालिकेतली 2020 साली काही महिन्यांत बनलेली पिस्तुलं कंपनीने हॅमरच्या दोषामुळे परत मागवली होती, तेव्हा जुनं घेत असाल तर सीरियल नंबर तपासून घ्या. आमच्याकडे आणलंत तर आम्ही तो तपासून देऊ, खरेदी कुठूनही केलेली असो. ज्यांना रोज अंगावर बाळगायचं आहे त्यांना सिग सावरचं पी-365 किंवा ग्लॉक 43 एक्स. हात मध्यम असेल आणि पिस्तूल मुख्यतः घरी किंवा गाडीत राहणार असेल, तर ग्लॉक 19 च्या आकाराचं काहीही. कंपनीवरून आमचा हट्ट नाही. हट्ट एवढाच की ज्या हाताने चालवायचं त्या हाताने आधी धरून बघायचं.

धरल्यावर तीन गोष्टी बघा. नळी कोपरापर्यंतच्या हाताच्या सरळ रेषेत असताना तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर पोचतो का? करंगळी मुठीवर टेकते की हवेत राहते? आणि पकड न सोडता, किंवा अगदी थोडी सरकवून, मॅगझिन सोडायचं बटण अंगठ्याला सापडतं का? चपलेचा नंबर दुसऱ्याच्या पायावरून काढत नाहीत, तसंच हे आहे. नंतर प्रत्यक्ष गोळ्या झाडून बघायच्या. हलकं पिस्तूल सैल मनगटाने धरलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. ते काउंटरवर कळत नाही, रेंजवरच कळतं.

यासाठीच आम्ही पहिलं पिस्तूल तिने रेंजवर चालवल्याशिवाय विकत नाही. काही ग्राहकांना हा विक्रीचा डाव वाटतो, म्हणून स्पष्ट सांगतो: भाड्याच्या पिस्तुलांचे आणि शिकवणीचे पैसे खरेदी केल्यास बिलातून वळते करून देतो. खरेदी नाही केलीत तरी तिला आपल्या हाताला काय बसतं ते कळलेलं असतं, आणि ते ज्ञान घेऊन तुम्ही दुसऱ्या दुकानात गेलात तरी आमची तक्रार नाही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर मात्र आम्ही रेंजवर उतरवत नाही. शिसं आणि आवाज, दोन्ही कारणांनी.

वाढदिवसाची भेट म्हणून गुपचूप घ्यायचं असेल तर कृपया थांबा. स्वतःच्या पैशाने, शस्त्र बाळगायला पात्र असलेल्या बायकोला खरी भेट देणं कायद्याने चालतं. पण पैसे तिचे आणि 4473 या शस्त्रखरेदीच्या केंद्रीय फॉर्मवर खरेदीदार म्हणून सही तुमची, असं केलं तर तो गुन्हा आहे. त्याला केंद्रीय कायद्यानुसार 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि शस्त्र बाळगायला अपात्र असलेल्या व्यक्तीसाठी जाणूनबुजून घेतलं तर 2022 च्या कायद्यानुसार 15 वर्षांपर्यंत. आणि एकदा पिस्तूल तुमच्या नावावर गेलं की परत आणताना आम्हाला ते वहीत जुना माल म्हणून चढवावं लागतं. भेटच द्यायची तर आमचं गिफ्ट कार्ड द्या आणि निवड तिच्यावर सोडा.

आता व्हिसाचा विषय. यावरून काउंटरवर मनं दुखावली जातात. एच-वन, एच-फोर, एफ-वन किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने पिस्तूल किंवा काडतुसं ताब्यात ठेवता येत नाहीत. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही ताबाच धरला जातो. त्यामुळे पुण्याहून आलेल्या आई-बाबांनाही "फक्त दोन गोळ्या" चालवायला आम्ही देऊ शकत नाही. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद कायद्यात आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. नवऱ्याकडे सिटिझनशिप आणि बायको अजून एच-फोरवर, अशा घरात तिच्यासाठी पिस्तूल घेता येत नाही, आणि घरातलं पिस्तूल तिच्या हाती लागेल असं ठेवणंही धोक्याचं. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. आम्ही कार्ड मागतो ते संशयाने नाही. चुकीच्या एका सहीने तुमचा इमिग्रेशनचा सगळा प्रवास धोक्यात येऊ शकतो.

अंगावर कुठे बाळगणार, हेही आधी ठरवा. जीन्स आणि पट्टा असेल तर कमरेच्या आतलं होल्स्टर. कुर्ता-लेगिंग किंवा साडीवर पट्टा नसतो, तिथे कमरेला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिक पट्टा चालतो, मात्र त्यात चाप पूर्ण झाकणारं कडक कवच हवंच. पर्स हा शेवटचा पर्याय. घ्यायचीच तर पिस्तुलासाठी वेगळा, बंद होणारा कप्पा असलेली घ्या. किल्ल्या आणि लिपस्टिकबरोबर पिस्तूल कधीही ठेवू नका. आपल्याकडे घरगुती कार्यक्रमाला गेलं की सगळ्या पर्स एका पलंगावर जमा होतात आणि त्याच खोलीत मुलं खेळत असतात. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागू देणं हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं: पर्स अंगावेगळी होणार असेल तर पिस्तूल आधीच गाडीतल्या कुलुपाच्या पेटीत ठेवा. लहान पेट्या आमच्याकडे आहेत, आणि पिस्तुलाबरोबर पेटी घेतल्याशिवाय जाऊ नका असा आमचा आग्रह असतो.

1 सप्टेंबर 2021 पासून टेक्ससमध्ये 21 वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही एलटीसी (लायसन्स टू कॅरी), म्हणजे पिस्तूल बाळगण्याचा राज्याचा परवाना काढा. अर्जाची फी 40 डॉलर आहे. शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे, आणि राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट मिळते. मुलांना रोज शाळेत सोडणाऱ्या आईसाठी हा मोठा फरक आहे. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी चालत नाही, आणि मंडळाचा गणपती किंवा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर तिथेही नाही. परवान्याच्या परीक्षेत 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या असतात. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. हाताला बसणारं पिस्तूल असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिल्या वेळेसाठी फोन करून वेळ ठरवा. येताना ओळखपत्र आणि सिटिझन नसाल तर ग्रीन कार्ड आणा. पुढून बंद असलेले बूट आणि बंद गळ्याचा टॉप घाला, कारण झाडलेल्या काडतुसाची गरम पुंगळी उडून गळ्यात पडू शकते. बांगड्या घरी ठेवा. कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण आम्ही देतो. नवरा बरोबर आला तर त्याच्यासाठी काचेपलीकडे बसायची सोय आहे. शिकवताना सूचना एकाच व्यक्तीने दिलेल्या बऱ्या. शिकवायला बाई प्रशिक्षक हव्या असतील तर फोनवरच सांगा, तशी वेळ लावून देऊ.