दोन गोळ्यांमधले दोन तास

गर्भवतींना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देण्याची देशव्यापी योजना 1970 ची. कॅल्शियम बरंच उशिरा आलं. 2014 च्या केंद्रीय सूचनेने चौदाव्या आठवड्यापासून रोज 500 मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या सांगितल्या: जेवणाबरोबर, आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब.

हे दोन तास गोव्यातल्या घरात कुठे बसवायचे? सकाळी चहा-पाव, दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, दुपारी हुमण-भात (माशाची आमटी आणि भात), चारला पुन्हा चहा. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला चिकटलं. चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात, म्हणून चहाची वेळही गेली. उरते ती निजतानाची, तीही रात्रीचं जेवण लवकर आटोपलं तर.

अंतराचा आग्रह आला कुठून? 1991 मध्ये पावासोबत 165 मिलीग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं, तेव्हा लोहाचं शोषण 50 ते 60 टक्क्यांनी घटलं. पण ती एका जेवणाची मोजणी होती. पुढे महिनोन्‌महिने कॅल्शियम घेणाऱ्यांचा शरीरातला लोहसाठा तपासला गेला, तेव्हा तो फारसा घटलेला दिसला नाही. म्हणजे अंतर पाळणं चुकीचं नाही. पण ते जमत नाही म्हणून एक गोळी डब्यातच राहिली, तर तोटा त्याहून मोठा. सूचनेत अंतरावर जेवढा भर आहे, तेवढा या दुसऱ्या शक्यतेवर हवा होता.

पाकिटावरच्या आकड्यांचा घोळ वेगळाच. फेरस सल्फेटचं वजन आणि त्यातलं प्रत्यक्ष लोह हे दोन निराळे आकडे. साधारण 200 मिलीग्रॅम कोरड्या फेरस सल्फेटमध्ये लोह जेमतेम 65 मिलीग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटचंही तसंच: 1250 मधलं 500 कामाचं. सरकारी मात्रा मोजते ते आतलं लोह. तीही स्थिर नव्हती: आधी 60, नव्वदच्या दशकात 100, आणि 2018 पासून पुन्हा 60.

गेल्या दहा वर्षांत वाद तासांवरून दिवसांवर सरकला आहे. लोहाची मोठी मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण मंदावतं, असं लोह कमी असलेल्या तरुणींवरच्या प्रयोगांत दिसलं. त्यावरून एक दिवसाआड गोळीचा विचार पुढे आला. गर्भवतींसाठी मात्र सरकारी सूचना अजून रोजच्या गोळीचीच आहे.