फोटोच्या काचेवरचा कण आणि राहून गेलेली नावं

आठ मार्च जवळ आला की बिभा चौधुरींवरचे फॉरवर्ड फिरायला लागतात. भारतीय बाईनं कण शोधला, नोबेल इंग्रजानं पळवलं, दोन ओळींत विषय संपला. मला त्या मेसेजचा राग येतो, कारण खरी गोष्ट यापेक्षा खूप चांगली आहे, झालेला अन्यायही जरा वेगळा आहे, आणि तो नीट कळायचा तर फोटोच्या काचेवर कण उमटतो कसा ते आधी बघावं लागतं. तर तिथूनच सुरुवात करते.

अंतराळातून सतत वेगवान कण येत असतात, ते वर हवेतल्या अणूंच्या केंद्रकांवर आदळतात आणि त्यातून नवे कण जन्मतात. हेच कॉस्मिक किरण. (आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल लांब ठेवा, कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणारेत, असा मेसेज दरवर्षी येतो ना, तो साफ खोटा आहे. तळहात आडवा धरा, त्यातून असा वर हवेत जन्मलेला, म्युऑन नावाचा कण, सेकंदाला साधारण एक, आत्ताही आरपार जातोय, दिवसा आणि रात्री, आणि त्याला मोबाईलशी काही देणंघेणं नाही.)

आता काच. जुन्या स्टुडिओतल्या फोटोच्या प्लेटवर जिलेटिनचा थर असायचा आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक दाणे. विद्युतभारित कण त्या थरातून गेला की वाटेतल्या ब्रोमाइडमधले इलेक्ट्रॉन उडवत जातो. डोळ्याला काही दिसत नाही, पण त्या दाण्यांवर खूण राहते, आणि प्लेट डार्करूममध्ये डेव्हलपरमध्ये टाकली की नेमके तेच दाणे काळ्या चांदीचे होतात, बाकीचं सगळं हायपो नावाच्या द्रावणात धुऊन जातं. मग मायक्रोस्कोपखाली काळ्या ठिपक्यांची एक रांग दिसते, मिलिमीटरचाही काही भाग एवढीच, पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं धावदोरा घालावा तशी.

या रांगेतून कणाचं वस्तुमान काढता येतं, आणि हा भाग मला प्रचंड आवडतो! दोन गोष्टी मोजायच्या. एक, ठिपके किती दाट आहेत. कण जितका सावकाश जातो तितका तो प्रत्येक दाण्याजवळ जास्त वेळ असतो, जास्त इलेक्ट्रॉन उडवतो, ठिपके दाट पडतात, म्हणजे दाटपणावरून वेग कळला. दोन, रांग किती वाकडी आहे. जाताना कण केंद्रकांच्या विद्युतभारामुळे थोडा थोडा ढकलला जातो. दादरच्या ब्रिजवर गर्दीतून धिप्पाड माणूस सरळ निघून जातो आणि बारका पोरगा धक्के खात नागमोडी जातो, तसंच. हे वाकडेपण, कण फार वेगात नसेल तर, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यावर अवलंबून असतं, हा गुणाकार जितका मोठा तितकं वाकणं कमी. वेग ठिपक्यांवरून मिळालाच आहे, मग उरलं काय, वस्तुमान. हे एका रांगेवर, म्हणजे एका ट्रॅकवर, भागत नाही कारण वाकणं हा योगायोगाचा मामला आहे, म्हणून खूप ट्रॅक मोजून सरासरी घ्यायची, एकेक ठिपका, एकेक कोन.

हे काम १९४०च्या आसपास कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी करत होते. बिभा १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून फिजिक्समध्ये एमएस्सी झाल्या, वर्गात एकट्या मुलगी. उंचावर कॉस्मिक किरण जास्त मिळतात म्हणून प्लेट दार्जिलिंगला आणि त्याहून वर संदकफूला, साडेतीन हजार मीटरच्या वर, महिनोन् महिने ठेवायच्या आणि मग खाली आणून वाचायच्या. त्या ट्रॅकवरून कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट निघालं. अशा मधल्या वजनाच्या, इलेक्ट्रॉनपेक्षा जड पण प्रोटॉनपेक्षा हलक्या कणांना तेव्हा मेसॉन म्हणायचे. 'नेचर'मध्ये त्यांचे लेख लागोपाठ आले. पण त्यांच्याकडच्या हाफटोन प्लेट कमी संवेदनशील होत्या, वेगवान कण त्यावर उमटायचेच नाहीत, आणि चांगल्या प्लेट युद्धामुळे भारतात मिळेनात. काम तिथंच थांबलं.

इकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाला युद्ध संपल्यावर इलफर्ड कंपनीच्या नव्या, जास्त सिल्व्हर ब्रोमाइडच्या प्लेट मिळाल्या. १९४७ साली त्यावर दिसलं की एक कण थांबतो आणि त्याच जागेवरून दुसरा हलका कण निघतो, सुमारे ६०० मायक्रॉन जाऊन थांबतो. पहिला पायॉन, इलेक्ट्रॉनच्या २७३ पट. दुसरा म्युऑन, २०७ पट. हे दोन वेगळे आहेत हे कलकत्त्यात सिद्ध झालेलं नव्हतं, त्यामुळे बिभांनी पायॉन शोधला हे म्हणणं चूक. पण फोटोच्या प्लेटवरच्या ट्रॅकवरून मेसॉनचं वस्तुमान काढायची रीत त्यांनी पॉवेलच्या कितीतरी आधी छापून मांडली होती. आणि १९५०चं नोबेल पॉवेलना एकट्याला मिळालं, कशासाठी, तर फोटोग्राफिक पद्धत विकसित केल्याबद्दल आणि तिच्यातून मेसॉनबद्दल लावलेल्या शोधांसाठी. माझं भांडण त्या पहिल्या अर्ध्या वाक्याशी आहे.

कारण त्या वाक्यातून अजून एक बाई गायब आहे. व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ. कणांसाठी फोटो इमल्शन, म्हणजे प्लेटवरचा तो जिलेटिनचा थर, नीट वापरायला त्यांनी १९२०च्या दशकात सुरुवात केली, रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये, बराच काळ बिनपगारी. १९३७ मध्ये त्यांनी आणि हेर्था वामबाखर यांनी इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार डोंगरावर पाच महिने ठेवलेल्या प्लेटवर ताऱ्यासारख्या फुटलेल्या खुणा पाहिल्या, कॉस्मिक कणानं केंद्रकाचे तुकडे केले होते, त्याचा फोटो! पुढच्याच वर्षी ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला, आइनस्टाइनच्या मदतीनं मेक्सिकोला गेल्या. भौतिकशास्त्रज्ञ श्रॉडिंगर यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. मिळालं नाही.

आणि ब्रिस्टलमध्ये तरी त्या प्लेट वाचत कोण होतं? दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून काम करणाऱ्या बायका, स्कॅनर म्हणायचे त्यांना. पायॉन थांबून म्युऑन निघतो ती पहिली घटना मारिएटा कुर्झ यांनी हेरली. कोट्यवधी काळ्या ठिपक्यांत अर्धा मिलिमीटर वेगळं काही दिसणं ही नजर आहे, कारकुनी नाही.

बिभा १९४५ मध्ये मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्याकडे गेल्या, तिथे पीएचडीचं काम करून परतल्या आणि १९४९ मध्ये होमी भाभांच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. टीआयएफआर तेव्हा गेटवेजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात स्टॉकहोमला पॉवेलना पदक मिळालं तेव्हा त्या इथेच मुंबईत होत्या, कॉस्मिक किरणांवरच काम करत.