पिवळे इंजिन आणि लाल तेलाची कॅन: डॅशबोर्डवरचे दोन दिवे

चालत्या गाडीत मीटरमध्ये काहीतरी पेटले की आपण म्हणतो, ‘इंजिनाचा दिवा लागला.’ मेकॅनिकला फोन करतानाही एवढेच सांगतो, आणि तो बिचारा पहिला प्रश्न विचारतो, ‘रंग कोणता?’ कारण असे दिवे दोन आहेत. एक पिवळा, त्यावर इंजिनाची आकृती असते. हा चेक इंजिन लाइट. दुसरा लाल, लांब चोचीच्या तेलाच्या कॅनचा, चोचीखाली एक थेंब. हा ऑइल प्रेशरचा. पिवळा स्थिर लागला तर आपल्याला बहुतेक वेळा काही दिवस मिळतात. लाल लागला तर काही सेकंद.

घोटाळा चित्रांमुळे होतो. इंजिनाचे चित्र पाहून माणूस दचकतो. तेलाची कॅन पाहून त्याला वाटते, ऑइल जरा कमी झाले असेल, घरी गेल्यावर बघू. प्रत्यक्षात इंजिनाचे चित्र असलेला दिवा मुख्यतः धुराबद्दल बोलतो आणि कॅनचे चित्र असलेला इंजिनाच्या जिवाबद्दल.

पिवळा दिवा पेटवतो इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. हवा किती आली, इंधन किती गेले, सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला, हे तो सेन्सरकडून सतत जाणून घेतो. एखादी गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि त्यामुळे प्रदूषण वाढण्याची शक्यता दिसली, की तो एक कोड साठवतो आणि दिवा लावतो. गाडीने आपले दोष स्वतःच तपासण्याच्या या पद्धतीला ओबीडी-२ म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली. आपल्याकडे ती भारत स्टेज (बीएस) या प्रदूषणाच्या नियमांबरोबर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या सगळ्या गाड्यांत ती आहे. हा कॉम्प्युटर उतावळाही नाही. बऱ्याच बिघाडांच्या बाबतीत तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसला तरच तो दिवा लावतो, आणि नंतर लागोपाठ तीन फेऱ्या सुरळीत गेल्या तर स्वतःहून विझवतो. म्हणून आज लागलेला दिवा परवा गेला, असे होऊ शकते. कोड मात्र आठवणीत राहतो.

कारणे साध्या गोष्टींपासून सुरू होतात. थकलेला ऑक्सिजन सेन्सर, जुने स्पार्क प्लग, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेला ओलावा, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचे बिघडलेले ट्यूनिंग. आणि उंदीर! गाडी चार दिवस एका जागी उभी राहिली की बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडणारे उंदीर हे आपल्याकडचे अगदी खरे कारण आहे. अमेरिकेतल्या गाड्या इंधनाच्या वाफेची गळतीही तपासतात, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट बसले आहे का ते पाहावे.

पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि तापमान ठीक असेल, तर घरी जा. दोन-चार दिवसांत कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या, तोवर लांबचा प्रवास टाळा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते, स्कॅनर तिथे लागतो. गॅरेजमध्ये एक आग्रह जरूर धरा: कोडचा आकडा मागा आणि लिहून ठेवा. ‘एरर काढून टाकली’ म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे, फक्त पाटी पुसली गेली. शिवाय कोड हे निदान नसते. उदाहरणार्थ, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, नीट काम करत नसल्याचा संशय. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो महाग. हा कोड सायलेन्सरच्या पाइपमधल्या गळतीने किंवा खराब सेन्सरनेही येऊ शकतो. या गोष्टी तपासल्याशिवाय कन्व्हर्टर बदलायला होकार देऊ नका.

पिवळ्याच्या बाबतीत एक अपवाद आहे. हा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर इंजिन मिसिंग करते आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळत नाही, ते तसेच कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि तो आतून वितळू शकतो. लगेच एक्सलरेटर सोडा, वेग उतरवा, सुरक्षित जागी थांबा. लुकलुकणे चालूच राहिले तर गाडी टो करून न्या.

आता लाल दिवा. यामागे बहुतेक गाड्यांत एक साधा स्विच असतो, इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला. ऑइलचा दाब फार खाली गेला की तो दिवा पेटवतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, आणि त्याची बेअरिंग प्रत्यक्षात एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये दाबाखालच्या ऑइलचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगत फिरतो. इंजिन २४०० आरपीएमवर असेल तर शाफ्टच्या सेकंदाला ४० फेऱ्या होतात. दाब गेला की थर जातो, धातू धातूवर घासतो, बेअरिंग वितळू लागते, आणि मग इंजिन जाम. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ हा हिशेब इथे फार महागात पडतो. ते दोन किलोमीटर चालवले तर काही हजारांत निपटणारे काम पूर्ण इंजिन बांधण्यावर जाऊ शकते.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे: हा दिवा ऑइलची पातळी दाखवतो. नाही, तो दाब दाखवतो. म्हणजे ऑइल हळूहळू कमी होत असेल तर दिवा अगदी शेवटी लागतो, पंपाला ओढायला ऑइल उरत नाही तेव्हा. त्याआधी घाटात तो एक इशारा देतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल कमी असले की आंबोलीसारख्या घाटातल्या तीव्र वळणावर उरलेले ऑइल एका बाजूला सरकते, पंपात हवा शिरते आणि लाल दिवा क्षणभर चमकून जातो. वळण सरळ झाले की तो विझतो आणि आपणही विसरतो. तसे करू नका. तो चमकला त्याच दिवशी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघा. उंच स्पीडब्रेकर किंवा दगड खालून लागल्यावर काही मिनिटांत लाल दिवा आला, तर चेंबर फुटला असेच समजा.

लाल दिवा लागला की इंडिकेटर देऊन डावीकडे या, गाडी न्यूट्रल करा, आणि थांबताक्षणी इंजिन बंद करा. गाडी चालत असताना चावी फिरवू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. हॅझर्ड लावा, मागे त्रिकोण ठेवा, माणसांना बॅरिअरच्या पलीकडे उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून बघा. ऑइल कमी असेल आणि खाली गळती दिसत नसेल, तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल भरा आणि इंजिन सुरू करा. दोन-तीन सेकंदांत दिवा विझला तर सावकाश गॅरेजपर्यंत जा. विझला नाही तर लगेच बंद. पातळी बरोबर असूनही दिवा लागलेला असेल, तर दोष स्विचचा की पंपाचा हे रस्त्यावर कळणार नाही. मेकॅनिक स्विचच्या जागी गेज लावून खरा दाब मोजतो, तोवर गाडी टो करूनच हलवायची.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा. बहुतेक गाड्यांत दोन्ही दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. पिवळा दिवा चावी ऑन केल्यावरही लागत नसेल, तर दोष लपवायला कोणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. स्कॅनर लावल्यावर कोड एकही नाही पण ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात, याचा अर्थ कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी विक्रेत्याला सांगा की गाडी चार-पाच दिवस नेहमीसारखी चालवा, मग पुन्हा स्कॅन करू.