घरातल्या कामाचा हिशेब: अर्थशास्त्राने आखलेली रेषा आणि तिच्या पलीकडचे तास

1920 साली आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने एक विसंगती नोंदवली. पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने लग्न केलं, की देशाचं राष्ट्रीय उत्पन्न घटतं. स्वयंपाक तोच, झाडलोट तीच, करणारे हातही तेच. पगार तेवढा थांबला, आणि त्याबरोबर ते काम हिशेबातून गळालं. पिगूंनी अडचण मान्य केली आणि ते पुढे गेले. स्त्रीवादी अर्थशास्त्र नेमकं तिथे थांबून विचारतं: कशाला उत्पादन म्हणायचं, हे कुणी आणि कोणत्या आधारावर ठरवलं?

हे ठरवताना विरोध झाला नाही असं नाही. 1940च्या दशकात फिलिस डीन या तरुण संशोधिकेवर आजच्या मलावी आणि झांबियातल्या, तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते बसवण्याची जबाबदारी होती. बायका सरपण गोळा करतात, धान्य कांडतात, रांधतात. हे सगळं वगळून तिथलं उत्पन्न मोजणं तर्काला धरून नाही, असं त्यांचं मत झालं. तरीही 1953 साली देशाचं उत्पन्न कसं मोजायचं हे सांगणारी संयुक्त राष्ट्रांची पहिली राष्ट्रीय लेखापद्धती आली, तेव्हा घरच्यांसाठी केलेली सेवेची कामं उत्पादनाच्या रेषेबाहेरच राहिली. 1993च्या सुधारणेत रेषा थोडी सरकली. घरच्या वापरासाठी केलेल्या सगळ्या वस्तू आत आल्या, सेवा मात्र बाहेरच. त्यामुळे विहिरीवरून आणलेलं पाणी नियमाप्रमाणे उत्पादनात धरायचं, पण त्याच पाण्याने बाळाला घातलेली आंघोळ धरायची नाही.

या वगळण्याची कारणं दिली जातात ती अशी: या कामांना बाजारभाव नाही, आणि ती धरली तर प्रत्येक प्रौढ माणूस ‘रोजगारात’ दिसेल, बेरोजगारीच्या आकड्याला अर्थच उरणार नाही. पहिलं कारण लंगडं आहे. स्वतःच्या घरात राहणारा माणूस कुणालाच भाडं देत नाही, तरी ते भाडं अंदाजाने काढून जीडीपीत मिळवलं जातं. दुसरं कारण खरं होतं. त्यावर 2013 साली श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तोड काढली: ‘काम’ आणि ‘रोजगार’ या संकल्पना वेगळ्या केल्या. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या वापरासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणं म्हणजे काम. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलं तर रोजगार. म्हणजे घरकाम हे काम ठरलं आणि बेरोजगारीचा आकडाही शाबूत राहिला.

पण घरात काम कुठलं आणि विरंगुळा कुठला, हे कसं ओळखायचं? अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 मध्ये दिलेली कसोटी आजही वापरतात. ती कृती पैसे देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येईल का? कपडे धुणं, आजाऱ्याला भरवणं येईल. म्हणून ते काम. झोप किंवा व्यायाम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. म्हणून ते काम नव्हे.

यानंतरची पायरी तास मोजण्याची. त्यासाठी वेळ-वापर सर्वेक्षण करतात. ‘तुम्ही घरकामाला रोज किती वेळ देता?’ असा थेट प्रश्न विचारला, की उत्तरं घसरतात, कारण तुकड्यातुकड्याने होणाऱ्या कामाची बेरीज मनात धड होत नाही. म्हणून चोवीस तासांची डायरी भरून घेतात. युरोपीय पद्धतीत दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे कप्पे असतात. अमेरिकेत पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा कालचा दिवस क्रमाने सांगायला लावतात. कप्पे जितके मोठे, तितकी छोटी कामं गळतात: पाच मिनिटांत दूध गरम करणं अर्ध्या तासाच्या कप्प्यात दिसतच नाही.

चुका होतात त्या बहुतेक तीन ठिकाणी. घरातल्या एकानेच सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली, तर दुसऱ्याचं काम कमी नोंदवलं जातं. सगळ्या नोंदी आठवड्याच्या किंवा वर्षाच्या एकाच भागातल्या घेतल्या, तर सुट्टीचे दिवस आणि हंगाम निसटतात. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते: एका वेळी एकच कृती लिहून घेणं. भाजी चिरताना पोराकडे लक्ष असतं. डायरीत ‘स्वयंपाक’ उमटतो आणि सांभाळणं पुसलं जातं. म्हणून चांगल्या डायरीत ‘त्याच वेळी आणखी काय करत होता?’ असा दुसरा रकाना असतो. तिथेही ‘नुसतं घरात असणं’ मुश्किलीने पकडलं जातं. झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळचा माणूस करत काहीच नसतो, पण बाहेर जाऊ शकत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 साली 64 देशांची अशी सर्वेक्षणं एकत्र केली. दिवसाला 16.4 अब्ज तास विनामोबदला काम, म्हणजे दोन अब्ज माणसांनी रोज आठ तास फुकट राबावं इतकं. त्यातले 76.2 टक्के तास स्त्रियांचे.

तासांना किंमत लावताना मात्र वाद पेटतात. समजा एक व्यक्ती घरात रोज सहा तास काम करते. वर्षाचे 2190 तास. बाहेर तिला तासाला चलनाचे 400 एकक मिळाले असते असं धरलं, तर किंमत 8,76,000. हा संधी-खर्च. त्याची खोट अशी, की डॉक्टरने पुसलेली फरशी मजुराने पुसलेल्या फरशीपेक्षा कितीतरी मोलाची ठरते. दुसरी पद्धत बदली-खर्चाची. सगळ्या कामांना एकच मदतनीस तासाला 80 एककांनी ठेवला, तर 1,75,200. कामागणिक वेगळा माणूस धरला, म्हणजे तीन तास स्वयंपाक 100 दराने, दोन तास मूल सांभाळणं 120 दराने आणि एक तास सफाई 70 दराने, तर दिवसाचे 610 आणि वर्षाचे 2,22,650. काम तेच, आकडे पाचपट फरकाचे. त्यामुळे घरकामाची एखादी ‘एकूण किंमत’ वाचली, की आधी पद्धत आणि दर विचारावा.

बदली-खर्चात आणखी एक गाठ आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सांभाळण्याच्या कामाचा बाजारातला पगार कमी असण्यामागे ते काम घरोघरी फुकट होतं हेही एक कारण आहे. तोच पगार मोजपट्टी म्हणून वापरला, की जुनं अवमूल्यन नव्या आकड्यात शिरतं. शिवाय तास मोजले की संथ काम जास्त मोलाचं ठरतं: दोन तासांत होणारा स्वयंपाक चार तासांत झाला तर ‘उत्पादन’ दुप्पट. यावर उपाय म्हणून काही लेखापाल उलट बाजूने निघतात. जेवणं किती, मूल किती तास सांभाळलं, कपडे किती किलो धुतले हे मोजायचं, बाजारभाव लावायचा, त्यातून सामान, इंधन आणि यंत्रांची झीज वजा करायची. ही पद्धत जास्त चोख, पण माहिती खूप मागते. यातून होणारा हिशेब जीडीपीत न मिसळता शेजारच्या जोडखात्यात ठेवतात.

रेषेइतकाच प्रश्न कुटुंब या घटकाचाही आहे. रूढ मॉडेलमध्ये कुटुंब म्हणजे एक डोकं, एक पाकीट. कमाई कुणाच्याही हाती येवो, खर्च तसाच होणार. हे तपासता येतं. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची मदत वडिलांच्या करसवलतीतून काढून आईच्या हाती देण्यात आली. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. दक्षिण आफ्रिकेत आजीला पेन्शन मिळू लागलेल्या घरांत नातींचं पोषण सुधारलं. आजोबांच्या पेन्शनने तसा परिणाम दिसला नाही. पाकीट एक नव्हतं. अमर्त्य सेन यांनी 1990 मध्ये याला सहकार्य आणि संघर्ष यांचं मिश्रण म्हटलं. घर मोडलं तर कुणाची अवस्था किती बिकट होईल, आणि कुणाचं योगदान ‘कमाई’ समजलं जातं, यावर वाटा ठरतो. म्हणून न मोजलेलं काम वाटाघाटीतही हलकं पडतं.

याचा फटका धोरणांत बसतो. रुग्णालयाने शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पाचव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं, की खाटेचा खर्च वाचतो आणि कार्यक्षमता वाढल्याची नोंद होते. पण ड्रेसिंग, औषधाच्या वेळा, उठवणं-बसवणं हे तीन दिवसांचं काम संपलेलं नसतं. ते घरी गेलेलं असतं, आणि तिथे कुणीतरी बिनपगारी रजा टाकलेली असते. जोडखातं शेजारी उघडं असेल, तर एका रकान्यातली बचत दुसऱ्या रकान्यात तासांच्या रूपात उमटलेली दिसते.