मध्ययुगातले लोक पृथ्वी सपाट मानत होते का?

‘मध्ययुगात युरोपातले धर्मनिष्ठ लोक पृथ्वी सपाट मानत, कोलंबसाच्या 1492 च्या सफरीने त्यांचे डोळे उघडले’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. परंपरा मानणारा माणूस सत्याला घाबरतो, हे ठसवायला राजकीय वादांतही हाच दाखला देतात. शाळेत बहुतेकांनी असंच ऐकलंय, त्यामुळे तो खरा वाटणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात पृथ्वीचा परीघ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियात मोजला गेला होता. हे ज्ञान पुढे हरवलं नाही. साधारण 1230 मध्ये लिहिलेलं, गोलाकार पृथ्वी शिकवणारं पाठ्यपुस्तक युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत वापरात होतं. उलट मत मांडणारे एकदोन लेखक होते, पण विद्वानांनी त्यांना मानलं नाही.

मग 1492 पूर्वीचा वाद कशाचा? अंतराचा. युरोपातून पश्चिमेकडे जात आशिया गाठायला निघालेल्या कोलंबसाने जपान सुमारे 4,400 किलोमीटरवर धरला होता. तो 19,000 हून जास्त दूर आहे. म्हणजे शंका घेणारे पंडितच बरोबर होते! वाटेत अमेरिका लागली, म्हणून जहाजं वाचली.

पडताळा घरबसल्या घेता येतो. मध्ययुगीन राजांची चित्रं उघडा आणि हाताकडे बघा. मुठीत वर क्रूस असलेला गोळा दिसेल. तो गोळा म्हणजे जग. सपाट जग मानणाऱ्यांनी राजाच्या हाती थाळी दिली असती.

सपाट पृथ्वीची ही कथा रुजली ती एकोणिसाव्या शतकात.