गिटार बांधणी, हस्तनिर्मित

निवडक लाकडांतून अकूस्टिक गिटार हाताने घडवण्याची कला. वाद्याचे रूप सर्वपरिचित असल्याने येथे मुख्यतः तबली (तारांखालची दर्शनी फळी) आणि तिच्या आतल्या आधारपट्ट्यांचा विचार केला आहे.

तबलीसाठी स्प्रूस किंवा सीडार ही वजनाने हलकी, पण रेषांच्या दिशेने ताठ लाकडे घेतात. ओंडका असा चिरतात, की वार्षिक वलये फळीच्या पृष्ठाशी जवळपास काटकोनात यावीत. शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून मधोमध सरसाने जोडतात. नायलॉन तारांच्या गिटारची तबली रंध्याने साधारण २ ते २.५ मिमी.पर्यंत उतरवतात. ठराविक माप गाठले म्हणजे काम झाले, असे मात्र नसते. कारागीर फळी दोन बोटांत लोंबती धरून दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करतो, नाद ऐकतो आणि पुन्हा रंधा उचलतो.

आतल्या, पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या पट्ट्यांचे श्रेय बहुधा स्पेनमधील आल्मेरियाचे गिटार कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–९२) यांना दिले जाते. हे जसेच्या तसे स्वीकारणे अवघड आहे. सेव्हिलचे फ्रान्सिस्को सांगिनो आणि काडिझचे पाजेस व बेनेदीद यांच्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाद्यांत अशा पट्ट्या आढळतात. तोर्रेस यांनी सात पट्ट्यांची प्रमाणबद्ध रचना रूढ केली, वाद्याचा आकार वाढवला आणि तारेची सुमारे ६५० मिमी. लांबी प्रस्थापित केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. तबलीचे महत्त्व दाखवण्यासाठी त्यांनी १८६२ मध्ये पाठ व कडा कागदाच्या लगद्याच्या आणि तबली तेवढी लाकडी, अशी गिटार बनवली. ती बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. लाकडाच्या किमतीवरून वाद्य जोखणाऱ्या प्रत्येकाने ती आठवावी.

फुलीच्या आकाराच्या पट्ट्यांबाबतही असाच वाद आहे. जर्मनीतून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेले गिटार कारागीर सी. एफ. मार्टिन हे त्यांचे जनक मानले जातात. मार्टिन यांची अशी वाद्ये १८४३ च्या सुमारापासून मिळतात, पण न्यूयॉर्कमधील इतर जर्मन कारागीरही त्याच काळात ही रचना करीत होते. एकाच वर्तुळात ती विकसित झाली असावी, हे मत ग्राह्य वाटते. त्या वेळी तारा आतड्याच्या होत्या. पोलादी तारांचा जास्त ताण पेलण्यास ही फुली उपयोगी पडली, ती नंतर.

दांडीवरील पडद्यांचे (स्वर ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर गणिताने ठरते: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून पुढचा पडदा बसवतात. ६५० मिमी. लांबीत पहिला पडदा सुमारे ३६.५ मिमी.वर, तर बारावा बरोबर मध्यावर येतो. तार दाबल्याने स्वर किंचित चढतो, म्हणून घोडी (तबलीवर तारा टेकतात तो आधार) थोडी मागे सरकवतात.

पाठ व कडांसाठी ब्राझीलचे रोजवूड प्रसिद्ध होते. ते दुर्मिळ झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवीचा (डालबर्जिया लॅटिफोलिया) अवलंब केला. सह्याद्रीत वाढणारे हे झाड आपल्याकडे शिसवी पलंग, झोपाळे आणि देव्हाऱ्यांमुळे घरोघरी ठाऊक आहे. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटीस करारान्वये २०१७ पासून या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.